सगुणामावशीचं माळवद

चाकण, ४ एप्रिल

माय, तुझ्या सुगतचा जयभीम.

फोनवर तू नुसतं "बरं हाय" म्हणून ठेवून देतीस, म्हणून लिहायलोय. शेजारच्या धम्मशीलाकडून वाचून घे. मी खुशाल हाय. कंपनीत मोठे पंखे हायत.

पिंगळीत आत्ताच टीनपत्रे लय तापायले असतील. कापसाच्या पऱ्हाट्या त्याच्यावर दाट पसर अन् वरून ओले पोते टाक. बारा वाजले की सगुणामावशीच्या घरी जाऊन बस. त्यांच्या घरावर अजून मातीचं माळवदच हाय, त्याच्याखाली गार लागतं. "माझ्या लेकानं टीन घातलं" म्हणून तू गल्लीभर सांगितलं व्हतंस, पण आता तिथं जायला लाजू नको. शेळीलाबी संग ने. दुपारी जेवतीस का न्हाई?

आता पाऊसच असा कोसळतो की आपलं जुनं माळवद तसंबी टिकलं नसतं. मी मनाला तसंच सांगतो.

तुझा सुगत

धम्मशीला, खालचं तिला वाचून दाखवू नको. मागच्या मे महिन्यात बाबा दुपारी त्या टीनाखाली निजले ते उठलेच न्हाईत. माळवद पाडू नको म्हणून ते हात जोडत व्हते. पहिली कुदळ मीच मारली.