को म्हणजे कोण

सदाशिव पेठ, पुणे
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

श्री. अवधूतराव यांस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. अडचणीचा विषय निघाला की तुमच्या लोणी काळभोरची रेंज जाते. कागदाची जात नाही.

क्षयाच्या गोळ्यांना आज आठ दिवस झाले. शाळेने रजा दिल्यामुळे नववीच्या मुलांची संधिप्रकरणातून सुटका झाली आणि माझी नववीतून. रविवारी तुम्ही आलात, मोसंबी आणलीत, दारातूनच "काळजी घे" म्हणालात आणि चारला परतलात. मोसंबी गोड होती.

आता दवाखान्यातली गंमत. गोळ्या सुरू करतानाच तिथल्या समुपदेशक अस्मिताबाई म्हणाल्या, "एचआयव्हीचीही तपासणी करू या का?"

मी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्यात असं काय दिसलं तुम्हाला?"

"मॅडम, दिसायची वाट बघत नाही आम्ही. क्षयाच्या प्रत्येक पेशंटला विचारतो. तुमची संमती असेल तरच."

मला खरं वाटेना. मी बाहेर बाकावर बसून पडद्याआडचं ऐकत राहिले. माझ्यामागच्या आजोबांनाही तेच विचारलं. ते म्हणाले, "घ्या, घ्या! पंचाहत्तरीत कोणी एवढा संशय घेतंय, हाच मान." मग मीही परत आत जाऊन हात पुढे केला.

निकाल त्याच दिवशी मिळत होता. मी मात्र आठवडाभर टाळून काल आणायला गेले.

तो सांगण्याआधी एक आठवण. गणपतीत तुमची बॅग आवरताना पांढऱ्या गोळ्यांची पट्टी सापडली होती. "पित्ताच्या आहेत," म्हणालात. मी नाव वाचलं, को-ट्रायमॉक्साझोल, आणि सवयीने संधी सोडवायला बसले. "संस्कृतात 'को' म्हणजे कोण. अहो, तुमची गोळीच विचारतेय, कोण?" माझ्या सुमार विनोदांनाही हसणारे तुम्ही त्या दिवशी हसला नाहीत. पट्टी तेवढी हातातून काढून घेतलीत. मी मनात म्हटलं, पित्त जास्तच झालंय.

काल अस्मिताबाईंनी मला एक पट्टी दिली. "क्षयाबरोबर हेही निघालं की ही गोळी रोज घ्यायची. दुसरे संसर्ग होऊ नयेत म्हणून. प्रतिबंधक."

मी नाव वाचलं. या वेळी संधी सोडवावी लागली नाही.

म्हणजे निकाल कळला तुम्हाला. पुढच्या आठवड्यात त्याचीही औषधं सुरू होतील. नियमित घेतली तर निवृत्तीपर्यंत नववीला छळता येईल, असं आश्वासन मिळालंय.

अन्याय नको, म्हणून मी उलटसुलट विचारून घेतलं. ही गोळी इतरही दुखण्यांत देतात. पित्तात देत नाहीत.

माझ्या बाजूने 'कोण'चं उत्तर सत्तावीस वर्षं एकच आहे, आणि ते नोकरीसाठी आठवडाभर लोणीला राहतं. पाऊण तासाच्या अंतरावर, गुडघ्यांना प्रवास सोसत नाही म्हणून. रविवारी घरी असलात तरी घोरण्याचं निमित्त करून बाहेरच्या खोलीत झोपता. वाटायचं, माझी झोप जपताय. आता विचार करते, काय जपत होतात? मला, की गुपित?

अस्मिताबाईंनी जोडीदाराचं नाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाल्या, "त्यांनाही तपासणीला घेऊन या." मी म्हटलं, "ते कदाचित आधीच जाऊन आले असतील, दुसऱ्या दवाखान्यात." त्यांनी कार्डावर मंगळवार, सकाळी अकरा असं लिहून दिलं.

कोण होती, हे मला विचारायचं नाही. खोटं. विचारायचं आहे, पण नंतर. आधीचा प्रश्न 'कदा'. तुम्हाला कधी कळलं? मी हसत ती पट्टी वाचत होते, तेव्हा मला सांगायला तुमच्याकडे किती महिने होऊन गेले होते?

मंगळवारी अकरा वाजता मी दवाखान्याच्या बाकावर असेन. मोसंबी नकोत. पट्टी आणा.

मंगळवारी अकरापर्यंत तुमची,
आनंदी