तिन्ही स्पीकर नापास

बाबा महाशय,

आपल्या तान्ह्या पिल्लूला लस द्यायला नेतेय, दोन तासांत येते.

दुकानदाराने घरी ऐकून बघायला दिलेले, टीव्हीखाली ठेवायचे, संवाद ऐकवणारे तिन्ही स्पीकर तू नापास केलेस. म्हणे, सिनेमातलं बोलणं मुळी कळतच नाही. सोमवारी पिल्लू झोपल्यावर मी तिन्ही लावून पाहिले, तिची झोप मोडणार नाही इतक्या हळू आवाजात. शब्द न् शब्द ऐकू आला. तेव्हापासून मला स्पीकरचा नाही, तुझाच संशय येतोय.

मागच्या आठवड्यात ती तुझ्या उजव्या बाजूला रडत होती आणि तू खुशाल पेपर वाचत होतास. मी तुला चांगलंच झापलं. आता वाटतं, तुला ऐकूच आलं नसावं. हल्ली फोनही डाव्याच कानाला लावतोस. विचारलं की म्हणतोस, "तुझंच पुटपुटणं वाढलंय."

उद्या सकाळी दहाला कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय, मीही येणार. तोवर चौथा स्पीकर मागवू नकोस. माझ्यापासून लपवलंस याचा राग आहेच, तो तपासणी झाल्यावर काढीन.

सोमवारपासून मी जेवायला तुझ्या डावीकडे बसतेय. तिथे वारा चांगला लागतो, हे मीही खोटंच सांगितलं.