न लवलेली पापणी

१२ ऑक्टोबर, रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला सगळे मजेत असावे लागतात, म्हणून आम्ही दोघी मजेत आहोत. आईचा गुडघा रोजच्याइतकाच दुखतो, म्हणजे तोही मजेत. लढतीच्या चार आठवडे आधी शिबिरात मोबाइल काढून घ्यायचा हा तुझ्या कोचचा नियम मला आधी खुळचट वाटला होता. पण पत्रं चालतात म्हणाले. बरंच झालं. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

कोपऱ्यावरच्या जिमने तुझं भलंमोठं पोस्टर लावलंय. लढतीच्या जाळीदार पिंजऱ्यात उभा तू, मुठी वर, आणि खाली हातभर अक्षरांत ‘पापणी न लवणारा!’ आई शेजारच्या काकूंना मुद्दाम त्या रस्त्याने घेऊन गेली. काकू म्हणाल्या, "बाई गं, केवढी छाती या पोराची!" आई म्हणाली, "नाक जरा मोठं छापलंय." घरी आल्यावर मात्र तिने परात पुढे ओढली. मग कणीक मळता मळता म्हणाली, "अकरा वर्षं चेंडूला लाथा मारत होता तेच बरं होतं. चेंडू उलटून मारत नाही."

मी तिला तुझाच विनोद ऐकवला: फुटबॉलमध्ये माणसाला लाथ मारली की पिवळं कार्ड, इथे मारली की टाळ्या. ती हसली नाही. तुझ्या तोंडून ऐकते तेव्हा हसते.

तू मागच्या महिन्यात फोडलेल्या काचेच्या ग्लासाची जोडी अजून मिळालेली नाही. आईचं चालूच आहे, "घोडा झाला तरी हाताला वळण नाही." घरी आलास त्या पहिल्या दोन दिवसांत तू दोन ग्लास सांडलेस, एक फोडलास आणि स्वयंपाकघराच्या दाराला खांदा धडकवलास. तिसऱ्या दिवशी जेवताना काही सांडलं नाही. तुझं पाणी, वाटी, सगळं मी ताटाच्या उजव्या बाजूला मांडलं होतं. तुझ्या लक्षात आलं नसेल.

दादा, क्लबने करार वाढवला नाही त्यानंतरचे सहा महिने तुला आठवतात? तू गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचास. आई चहा ठेवायची आणि गार झालेला परत आणायची. तेहतीस वर्षांच्या बचावपटूला कुणी घेत नाही हे तू इतक्या शांतपणे सांगायचास की मला तुझ्यासमोरून जायला नको वाटायचं. मग तू वजन उतरवायला म्हणून त्या कोचकडे गेलास, त्याने तुझी लाथ पाहिली, आणि आठवड्याभरात तू घरात शीळ घालायला लागलास. बेसूर. पण मी दार लोटून घेतलं नाही.

इथे थांबते. भांडी घासायची आहेत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळ

भांडी नव्हती. आईने आधीच घासली होती. 

तुझ्या चौथ्या लढतीचं चित्रण मी शनिवारी पाहिलं. तू मला मोजपट्टी म्हणतोस, तर मोजपट्टीने करायचं तेच केलं: वेग अगदी कमी करून, एकेक ठोसा थांबवून पाहिला. तुझ्या उजव्या बाजूने चेहऱ्याकडे चौदा ठोसे आले. चौदाही वेळा तुझे डोळे मिटले. कुणाचेही मिटतील, ते धैर्यावर नसतं, शरीर आपोआप करतं. डावीकडून अकरा आले. अकरांपैकी एकदाही मिटले नाहीत.

लोक म्हणतात, पापणी लवत नाही. दादा, तुला ते ठोसे दिसतच नव्हते.

आता पुढचं लिहिते. ते मला आठ महिन्यांपासून ठाऊक आहे, किंवा ठाऊक असायला हवं होतं.

लढतीच्या परवान्यासाठी तू रुग्णालयात माझ्याच नेत्रविभागात डोळे तपासायला आलास तो दिवस. हनुवटी टेकवून पांढऱ्या वाडग्यासारख्या त्या यंत्रात बघायचं, नजर मधल्या दिव्यावर ठेवायची, कडेला बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजवा डोळा उत्तम झाला. डाव्या डोळ्याला डाव्या कडेचे नऊ ठिपके दिसले नाहीत. मी म्हटलं, "दमून आलायस, लक्ष नाहीये तुझं. परत कर." तू म्हणालास, "मास्तरीणबाई, नापास करू नका, घरी आई मारते."

दुसऱ्या वेळी मी तुझ्या शेजारी बसले. पुढचा ठिपका कुठे येणार ते माझ्या पडद्यावर आधी दिसतं. आणि मी ‘हं’ म्हटलं.

तुझे शालेय सामने आठव. मी डाव्या रेषेबाहेर उभी असायचे आणि तुझ्या पाठीमागून कुणी धावत आला की ओरडायचे, ‘हं!’ ‘मागे आहे’ म्हणेपर्यंत तो पुढे निघून जायचा, म्हणून आपण एका अक्षरावर आणलं होतं. तू वळून न बघता पाय घालायचास आणि चेंडू तुझा व्हायचा. त्या खोलीतही तेच झालं. मी अगदी हळू ‘हं’ करत होते आणि तुझा अंगठा बटणावर पडत होता. तू ठिपके बघत नव्हतास, मला ऐकत होतास. तुला ते कळलंही नसेल. मला मात्र तिसऱ्या ठिपक्याला कळलं. मी तपासणी थांबवली नाही. नऊच्या नऊ पूर्ण केले, दुसरा अहवाल छापला, सही केली आणि परवाना मंडळाच्या डॉक्टरांना पाठवला.

मला ती गॅलरीतली खुर्ची परत नको होती. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

तू पहिली लढत जिंकून आलास तेव्हा आईने विचारलं होतं, "लागलं का रे?" तू म्हणालास, "लागलं ना! पण आई, माझं नाव घेऊन ओरडत होते." ते ऐकून मी स्वतःला सांगितलं की पहिली तपासणीच चुकली असेल. नंतर दुसरी लढत, तिसरी, चौथी. दर वेळी सांगितलं.

काल सकाळी मी आमच्या विभागाच्या डॉक्टरीणबाईंसमोर दोन्ही अहवाल ठेवले. यंत्राच्या आठवणीत पहिलाही होता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले. मग इतकंच विचारलं, "सख्खा भाऊ?" मी हो म्हटलं. तुला तपासल्याशिवाय नक्की काही सांगणार नाहीत, पण डोळ्याच्या आतला पडदा कडेने सुटत असावा, असं त्यांना वाटतं. फुटबॉलमध्ये डोक्याला डोकं आपटलं तेव्हापासूनचं असू शकतं. वेळेत धरलं तर बसवता येतो. त्यावर आणखी एक जोराचा ठोसा बसला तर सगळा सुटू शकतो. मग बसवायला उशीर झालेला असतो.

म्हणून आज दुपारी मी परवाना मंडळाला पहिला अहवाल पाठवला, आणि दुसरा खोटा कसा झाला तेही लिहून कळवलं. आठ नोव्हेंबरची लढत होणार नाही. तुला न विचारता केलं. विचारलं असतं तर तू हसून म्हणाला असतास, "एवढी एक होऊ दे," आणि मी ऐकलं असतं. माझा तो इतिहास आहे.

मला कामावरून बाजूला ठेवलंय. चौकशी होईल. त्याची काळजी तू करायची नाहीस. सही माझी होती.

तू चिडशील. ही लढत तुझ्यासाठी काय होती ते मला माहीत आहे. पुढची सगळी वाट तिच्यावर ठरणार होती. ती मी तुझ्याकडून काढून घेतली आहे, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. आठ महिन्यांबद्दल मागते. चार वेळा तुला अर्धवट आंधळा पिंजऱ्यात पाठवलं आणि घरी बसून टाळ्या वाजवल्या, त्याबद्दल मागते.

गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे. डॉक्टरीणबाई स्वतः बघणार आहेत. गाडी तू चालवू नकोस, कोचना चालवायला सांग. त्यांना वेगळी चिठ्ठी लिहिली आहे; ती आणि हे पत्र उद्या पहाटे जिममधल्या मुलाच्या हाती पाठवते. तोपर्यंत सराव बंद, उड्या बंद, जड उचलणं बंद. डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा विजेसारखं काही चमकलं तर गुरुवारची वाट न बघता जवळच्या रुग्णालयात जा.

हे वाचून झाल्यावर कोच तुझा मोबाइल परत देतील. पहिला फोन आईला कर. तिला मी आज सगळं सांगितलं. ती रडली नाही. माझ्या ताटात दोन पोळ्या वाढल्या आणि स्वतः जेवली नाही. तू बोललास तर जेवेल. मला फोन केला नाहीस तरी चालेल. या महिन्यात नाही, या वर्षात नाही, तरी चालेल. तुझे दोन्ही डोळे शाबूत ठेवून तू माझ्याशी कितीही दिवस अबोला धर.

तुझीच (हे तूही मानतोस, असं धरून चालते),
धाकटी