घड्याळवाल्या फितुराची दुसरी आवृत्ती

१२ जानेवारी १९४७, सकाळ

सगळ्यांची विचारपूस केली. बायको राहीबाईची कंबर: कालच्यापेक्षा बरी, पण ती तसं म्हणायला तयार नाही. सूनबाई विजयमालाचा खोकला: आल्याच्या रसानं उतरला. म्हातारा बैल: उठला, वैरण खाल्ली. शेजारचा मानसिंग, पलटणीतला माजी हवालदार: दमा आहेच. त्यानं उलट माझ्या पुस्तकाची तब्येत विचारली. ठणठणीत, म्हटलं.

'स्टेशनवरचा फितूर' काल साताऱ्याहून छापून आलं. प्रकाशक मीच. गठ्ठे मानसिंगनं आपल्या गाडीतून आणले. शाळा चौथीपर्यंत, आणि कादंबरीकार! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

संकल्प: गर्व करायचा नाही.

२० जानेवारी

कोरेगावच्या बाजारात पुस्तक गुळासारखं खपलं. एक वाचतो, भोवती पंधरा ऐकतात. गोष्टच तशी: गोऱ्या साहेबाला गावची गुपितं विकणारा माजी शिपाई रोज स्टेशनवर जातो. गाडी आली की खिशातलं घड्याळ काढून लावतो. लोकांना वाटतं वेळ जुळवतोय. खरं तर गार्डाला खूण!

हे भाषाशैलीचं यश. राहीबाईचं म्हणणं वेगळं. "ज्याला त्याला आपला वैरी त्यात घावतोय, म्हणून वाचत्यात."

तिला वाङ्मयातलं काय कळणार.

२ फेब्रुवारी

मानसिंग पारावर आला की माणसं गप्प होतात. तोही रोज स्टेशनवर जाऊन घड्याळ लावतो. पलटणीतली सवय.

माझा दोष नाही. तोच म्हणाला होता, "नाथाजी, माजं घड्याळ घाल की रं त्यात." नायकाला द्यायचं मनात होतं. पण नायकाला आधीच घोडा आणि पिस्तूल देऊन बसलो होतो. घड्याळ उरलं, ते फितुराच्या खिशात गेलं. मानसिंगला वाचता येत नाही, सहीपुरतंच लिहिता येतं. तो समजतो, नायक तोच.

चार दिवसांत विसरतील लोक.

१४ फेब्रुवारी

विसरले नाहीत. मानसिंगचं गुऱ्हाळ लागायचं होतं, पण गूळ रांधणारा कोंडीबा गुळव्या आलाच नाही. फितुराच्या रस आटवायच्या काहिलीला हात लावणार नाही म्हणाला. मानसिंगनं एकट्यानं चुलाण पेटवलं, पहिल्या रसाची घागर बांधावर ठेवली. आमच्याकडे चालत्या गुऱ्हाळावरून वैरीसुद्धा रस प्यायल्याशिवाय पुढं जात नाही. आज सगळे खाली माना घालून गेले. मी एकटा प्यालो.

एकट्याच्यानं गूळ होत नाही. निम्मा जळाला. बाकीचा ऊस उभाच आहे.

संकल्प: उद्या पारावर खरं सांगायचं.

१५ फेब्रुवारी

नाही सांगितलं. पडसं झालंय.

१७ फेब्रुवारी

पडसं बरं. पण पुस्तकं संपली. छापखान्याचा निरोप: आणखी छापू का? होय म्हटलं, निव्वळ सद्हेतूनं. पहिल्या पानावर मोठ्या टाइपात घालणार: 'यातला फितूर मी मनानं रचला आहे. खऱ्या कोणा घड्याळवाल्याशी त्याचा संबंध नाही.' मानसिंगचं काम परस्पर होईल. मला बोलायचीही गरज नाही.

५ मार्च

करायला गेलो गणपती, झाला मारुती. पहिलं पान वाचून फितूर मानसिंगच अशी लोकांची खात्रीच पटली. शेवटी पारावर उभा राहिलो आणि सांगितलं की सगळं खोटं आहे, माझ्या डोक्यातलं आहे. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

कोंडीबानं डोळा मारला. "आवं, तुमच्यावर दाब आलाय. आमाला कळतंय की."

दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा जोरात चाललीय. हे लिहिताना आनंद झाला, म्हणून लाज वाटली.

संध्याकाळी मानसिंग आला. कोणीतरी त्याला सगळं पुस्तक वाचून दाखवलं होतं. ओरडेल असं वाटलं. बरं वाटलं असतं. तो बसला, दम लागला होता.

"घोडा न्हवता मागितला रं मी," एवढंच म्हणाला.

१६ मार्च

मानसिंग गेला. उभा ऊस गुरांना घातला आणि लेकीकडे गेला. जावई विट्याचा, मद्रासेत सोनं गाळायचं दुकान आहे. लेकीच्या दारचं पाणीसुद्धा न पिणारा माणूस.

घड्याळ माझ्याकडे ठेवून गेला. मागं पडतं, रोज लावत जा म्हणाला.

२ एप्रिल

रोज लावतो. स्टेशनवरच्या गाडीवर लावतो, त्याशिवाय बरोबर लागत नाही. पोस्टाची थैलीही त्याच गाडीनं येते, तेव्हा मानसिंगच्या पत्राचीही चौकशी होते. गार्ड ओळखीचा झालाय, हात करतो. मीही करतो.

आज मी पारावर गेलो तर सगळे गप्प झाले.

माझ्या गुऱ्हाळासाठी कोंडीबाला निरोप धाडला. आला नाही. राहीबाई म्हणते, पुस्तकात लिहिलंय तस्सं वागताय, मग लोकांनी काय समजायचं? तिला म्हटलं, मी स्वतः लेखक आहे. ती म्हणाली, फितुराला तेवढं लिहिणं तरी यायलाच हवं.

१० एप्रिल

आज मद्रासला टाकलेल्या पत्राची नक्कल:

'मानसिंगा, दमा कसा आहे? लेक, जावई, नातवंडं खुशाल ना? तिकडचा भात पचतो का? इकडे चुलाण मीच पेटवलं. घागर बांधावर ठेवली आहे, तशीच भरलेली आहे. घड्याळ बरोबर चाललंय. तिसऱ्या आवृत्तीत नायकाचा घोडा काढून घेतो आणि त्याला घड्याळ देतो. चालेल का, तेवढं लेकीकडून लवकर लिहून कळव.'