धनत्रयोदशीची घागर आत कोणी न्यायची?

प्रिय वहिनी,

‘शिरसाष्टांग नमस्कार’ असं लिहिलं आणि खोडलं. तुमच्या हयातीत मी तुम्हाला कधी वाकून नमस्कार केला नाही, आता कागदावर करून कोणाला फसवू? शिवाय तुम्हाला वाचता येत नव्हतं. सांगलीला मुलींच्या शाळेत माझी सगळी नोकरी गेली, परक्यांच्या पोरींना मी बाराखडी घोकायला लावली आणि घरच्या वहिनीला शिकवायचं राहिलं! ते का राहिलं, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. विचारायला हवं होतंत.

आज वसुबारस. पलीकडच्या घरी गाय-वासराची पूजा चालली आहे. उद्या धनत्रयोदशी. लागोपाठ दोन दिवाळ्या या घरात कोरड्या गेल्या. आधी तुमच्या लेकीच्या, शालनच्या, नवऱ्याचा दुखवटा, मग तुमचा. भाद्रपदात तुमचं वर्षश्राद्ध झालं, त्यामुळे यंदा सण करायचा, नवं भांडं आणायचं. आणि ते उंबऱ्याच्या आत कोणी न्यायचं यावरून सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात भांडण झालं. भांडण मीच काढलं, हे तुम्ही ओळखलं असेलच.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. अंगणात गेले, परत आले. शालन चकलीची भाजणी चाळते आहे. तिने एकदाही मान वर केली नाही. म्हणून तुम्हाला लिहिते. दुसऱ्या कोणाला लिहू?

पहिल्या वर्षापासून सांगते. तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरले.

मी चौदाव्या वर्षी विधवा झाले. आमचे आबा पलटणीत सुभेदार, तेव्हा पुण्याला होते. लोकांनी सांगितलं, पोरीला गावी पाठवा, कोपऱ्यात बसवा. त्यांनी मला कॅम्पातल्या नन्सच्या शाळेत घातलं. तिथे मी दोन गोष्टी शिकले. ताठ उभं राहणं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणं. या दोन गोष्टींनी मला पुढे नोकरी मिळाली आणि घरात बोलणीही बसली.

नोकरीच्या पहिल्या दिवाळीला मी मिरजेला गाडी बदलून कोरेगावला आले ती पहिला पगार कनवटीला लावून. म्हटलं, यंदाचं भांडं माझं! आपण दोघी तांबटाकडे गेलो. मी एकेका घागरीवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत होते. तो म्हातारा तांबट म्हणाला, “बाईसाब, मडकं न्हाई ते, वाजवून बघाय!” तुम्ही पदरात तोंड खुपसून हसलात. मला राग आला.

मग तुम्ही काय केलंत? त्याच्याकडून पाणी मागून घागर भरलीत, कमरेवर घेतलीत आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलात. “रिकामी घागर कुणीबी उचलतंय,” म्हणालात. “भरल्यावर कमरंला कुठं रुततीया त्ये बघाय नगो व्हय?” तुमचं माहेर जतकडचं. पाण्यासाठी कोसभर चालण्यात तुमचं लहानपण गेलेलं. तुम्हाला धनत्रयोदशीला दुसरं काही सुचतच नसे. घागर, हंडा, कळशी. पाणी राहील असं काहीतरी.

एका वर्षी मी म्हटलं, कापडाची चांगली कात्री घेऊ, शिवणाला होईल. तर तुम्ही गालावर हात मारून घेतलात. “लोखांड? धनतेरशीला? आवं वन्सं, इंग्रजी शिकल्यावर लोखंडाचं सोनं हुतंय का काय?” भर बाजारात! आजूबाजूच्या बायका हसल्या. मी तुमच्याशी भाऊबीजेपर्यंत बोलले नव्हते.

तर पहिल्या वर्षाचं. घागर मी निवडली (खरं म्हणजे तुम्ही), माझ्या कमाईची, रस्ताभर मीच कडेवर आणली. पायरीपाशी आलो आणि आतून आईचा आवाज आला. “थांब. तिथंच थांब. ती सूनबाईच्या हातात दे.”

मला वाटलं, मी दमले असेन म्हणून म्हणते आहे. इतकी मी मूर्ख! आई पुढे म्हणाली, “लक्ष्मी सवाष्णीच्या हातनं आत येती.”

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. घागर घेतलीत, तिला हळद-कुंकू लावलंत आणि उजवा पाय टाकून आत गेलात. मी पायरीवर. ताठ उभं राहायला शिकले होते ना, तशी ताठ. मग वळले, घराला वळसा घातला आणि मागच्या दाराने आत आले, पाय आपटत, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

त्यानंतर दर धनत्रयोदशीला मी तेच केलं. तीस वर्षं! माझ्या हातून लक्ष्मी आत येत नसेल तर मीही तुमच्या त्या पुढच्या दाराने येणार नाही, असा माझा बाणा. मला वाटे, सगळ्यांना टोचत असेल. आईला टोचत असेल, दादाला टोचत असेल, तुम्हाला तर नक्कीच.

तुम्हाला टोचत होतं का हो, वहिनी? कधी बोलला नाहीत. “वन्सं, हात धुवा, धणं-गूळ घ्या,” एवढंच म्हणायचात. मला वाटे, ही बाई दगड आहे.

आता ते लढाईतलं वर्ष. आई गेल्यावरची पहिली धनत्रयोदशी. बाजारात पितळ बघायला मिळत नव्हतं. तांबटाच्या मुलाने पुढे जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली मांडली होती. शालनचं लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि तिचा नवरा पलटणीबरोबर बोटीने गेला होता. तुम्ही ती पातेली बघितलीत आणि त्याला म्हणालात, “आमची मानसं तिकडं जर्मनसंगं लढत्यात, आन् तुमी हितं त्येलाच घरात घालताय व्हय रं?” सगळं दुकान हसलं. मीसुद्धा. शेवटी त्याने आतून एक जुना, पोचा आलेला तांब्याचा हंडा काढून दिला.

पायरीपाशी आलो. आत थांबवायला कोणी नव्हतं. दादा शेतावर, शालन ओसरीवर. तुम्ही हंडा माझ्यापुढे धरलात. “घ्या. तुमीच न्या आत.”

“का? आज का?”

“माझी कंबर धरलीया.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. “इतकी वर्षं माझा हात अशुभ होता, आणि आज तुमची कंबर धरली म्हणून शुभ झाला? मी हमाल नाही, वहिनी.” हंडा तुमच्या हातून घेतला, पायरीवर ठेवला, आणि चालले मागच्या दाराकडे.

तो हंडा दिवेलागणीपर्यंत पायरीवरच होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोनदा बघितलं. तुम्ही त्याच्याशेजारी बसला होतात, शेंगा फोडत. शेवटी दादाची बैलगाडी दिसली तेव्हा उठलात आणि आत घेऊन आलात. पुढच्या वर्षी तुम्ही मला विचारलं नाहीत. मीही मागितलं नाही.

सरळ का सांगितलं नाहीत? कंबरेचं कशाला काढलंत? “वन्सं, आत्याबाई गेल्या, आता तुम्ही न्या, मला वाटतं तुम्ही न्यावा,” एवढं बोलायला काय झालं होतं? मी बोलणारी बाई आहे, मला बोललेलंच कळतं! मग पुन्हा वाटतं, तुम्ही तसं बोलला असतात तर मी घेतला असता का? ‘उपकार नकोत’ म्हणून मी तुम्हाला दुसरं काहीतरी ऐकवलं असतं. ते तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून कंबर. हो ना?

आज सकाळी दादा म्हणाला, “उद्याच्याला शेजारच्या काकूस्नी बोलवू. त्या भांडं आत आनतील.”

मी विचारलं, “का? घरात दोन बायका आहेत.”

“तू गप गं. घरात सवाष्ण न्हाई, त्येला मी काय करू?”

वहिनी, शालन तिथेच चुलीपाशी होती. तिचा बाप तिच्यासमोर हे बोलला. वाईट मनाने नाही, मला माहीत आहे. परसात पाऊस नाही म्हणावं तसं बोलला. चोवीस वर्षांची पोर. स्वराज्य आलं, शाळेतल्या खांबावर नवा झेंडा चढला, पेढे वाटले, दादाने स्वतः फेटा बांधून सलाम केला, आणि उंबऱ्यावर तोच आईचा आवाज! मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आबांना मध्ये ओढलं, तुम्हालासुद्धा ओढलं. दादा ताटावरून उठून गेला.

मला वाटलं, शालन माझ्या बाजूने उभी राहील. तिने हात पुसले आणि म्हणाली, “आत्या, माझ्यापायी भांडू नगा. मी मागच्या दारानं येईन. तुमी न्हाई का येत?”

मी म्हटलं, “अगं, मी रागाने येते!”

ती म्हणाली, “रागानं? मला तर वाटायचं, तुमी पाळता. आईनं त्या साली हंडा तुमच्या हातात दिला, तरी तुमी घेतला न्हाई. मी ओसरीवरच हुते. त्या दिशी सकाळी तिनं हिरीवरनं चार खेपा केल्या हुत्या, कंबर कुठली दुखतीया? मी म्हटलं, आत्या एवढी शिकलेली, साहेबाशी इंग्रजीत बोलती, तीसुदीक पाळती, तर मग त्यात काहीतरी आसंलच.”

वहिनी, ऐकलंत?

तीस वर्षं मी पाय आपटले, आणि या घरात कोणालाही ते माझं भांडण आहे हे कळलं नाही. आईला वाटलं असेल, पोरगी शहाणी, सांगावं लागत नाही. दादाला वाटलं असेल, बहीण रीत सांभाळते. आणि शालन लहानपणापासून दर दिवाळीला ओसरीवर बसून बघत होती की विधवा बाई मागच्या दाराने येते. हे तिला आईने शिकवलं नाही, दादाने नाही, तुम्ही तर नाहीच. मी शिकवलं. मी! शाळेत मुलींना दुसरं काय काय शिकवत होते त्याचं आता काय करू?

आणि खरं सांगू? आई गेल्यावर मला कोणी अडवलंच नव्हतं. जी एक बाई अडवू शकली असती, तिनेच हंडा पुढे केला होता. मी बोलले फार. पुढच्या दाराने भांडं घेऊन आत जायचं एवढं साधं काम मात्र मी एकदाही केलं नाही.

तुमच्यावरचा माझा राग अजून संपलेला नाही, गैरसमज नको. तुम्ही गप्प बसायचात ते चुकीचंच होतं. निदान शालनला तरी सांगायचं होतंत की त्या दिवशी काय झालं. पण तुमच्यावर रागावण्यात सकाळ गेली, दुपार गेली, आता ऊन कलतं आहे आणि उद्या आलाच.

म्हणून वचन देते, आणि हा कागद शालनला वाचून दाखवणार आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

उद्या सकाळी आम्ही दोघी बाजारात जाऊ. शालन बोट दाखवील ती दोन भांडी घेऊ. मी मध्ये तोंड घालणार नाही. शेजारच्या काकूंना मी आताच निरोप धाडते की फराळाला या, भांडं आणायला नको. पायरीवर पहिल्या भांड्याला हळद-कुंकू मी लावीन, माझ्या हाताने, आणि दादाच्या देखत पुढच्या दाराने आत नेईन. तो ओरडेल. ओरडू दे. मी उलट बोलणार नाही. हे मला जमेल का, असं तुम्ही हसाल, पण बघा.

मग बाहेर येऊन दुसरं भांडं शालनपुढे धरीन. कंबर दुखते असं सांगणार नाही. सरळ सांगेन, “हे तू न्यावंस असं मला वाटतं.” ती घेईल की नाही, मला ठाऊक नाही. नाही घेतलं तर चिडणार नाही, व्याख्यान देणार नाही, तिच्याजवळ पायरीवर बसून राहीन. संध्याकाळ झाली तरी चालेल. पण मागच्या दाराने मी जाणार नाही, आणि तिला एकटीला जाऊ देणार नाही.

तुमची,
वन्सं