दादाला वगळून सांगितलेली गोष्ट

प्रिय पप्पा,

जय भीम.

रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होईल. विहारात स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठेवलाय. काल समितीच्या काकांचा फोन आला, "प्रज्ञा, पप्पांची ती गोष्ट परत सांग हां. ते गेले तेव्हा जलदान विधीला सांगितलेलीस ना, तश्शीच. बायका अजून आठवण काढतात." मी हो म्हणून बसले, आणि आता तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. भांडायला तुमच्याशिवाय कोण आहे? गोष्ट सांगायला तुम्हीच शिकवलंत ना!

आठवतं? पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन व्हायचं. तुम्ही एक पान वाचायचात, पुस्तक मिटायचात आणि तेच आपल्या भाषेत सांगायचात. चाळीतली पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. घरी येताना मी विचारलं होतं, तुमचं सगळे एवढं गप्प बसून का ऐकतात? "कारण मी आधी सांगतो, ह्या माणसाला काय पाहिजे. ते कळलं की लोक त्याच्यासोबत चालायला लागतात. मग त्याच्या वाटेत धोंडे टाकायचे. पुढचा धोंडा आधीच्यापेक्षा मोठा."

मी शाळेतलं काही सांगायला लागले की मध्येच अडवायचात. "नुसतं मग हे झालं, मग ते झालं करू नको गं. कशामुळे झालं ते सांग." आणि शेवट? शेवटी माणूस बदलला पाहिजे, नाहीतर ती नुसती बातमी! शहाडच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात मशीनवर उभे राहायचात, पण तोरा मात्र संमेलनाच्या अध्यक्षाचा.

आता डोंबिवलीत दर शनिवारी मी मुलांना कथाकथन शिकवते. सगळं तुमचंच शिकवते. एक नियम मात्र हल्ली फळ्यावर लिहवत नाही. "गोष्टीत माणूस एकच धर. दोघांच्या मागे धावलीस तर दोघेही सुटतात. बाकीच्यांना काप."

मी कापलं, पप्पा. तुमच्या फोटोसमोर उभं राहून कापलं.

जलदान विधीच्या दिवशी मी काय सांगितलं माहितीये? एका माणसाचं काम सुटतं. त्याला एकच गोष्ट हवी असते, मुलीचं शिक्षण थांबता कामा नये. तो हार मानत नाही, चाळीच्या पॅसेजमध्ये सतरंजी टाकून ट्यूशन घेतो, आणि ती मुलगी शिकून शिक्षिका होते. सुरुवात, अडचणी, शेवट, सगळं जागच्या जागी. अख्खा विहार रडत होता.

आणि खरं काय होतं? काम सुटल्यावर जवळजवळ दोन वर्षं तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. हाक मारली तरी वळायचा नाहीत. मिलिंददादा तेव्हा बारावी सायन्सला होता. त्याने कॉलेज सोडलं आणि उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात लागला. घरी यायचा तेव्हा बोटं निळी असायची. धुऊनही रंग जायचा नाही, भाकरी मोडली की भाकरीला लागायचा. घर त्याच्यावर चाललं. माझं कॉलेजही. ट्यूशन तुम्ही घेतलीत, नाही कुठे म्हणते? पण ती दोन वर्षांनी, उठून बसलात तेव्हा, आणि पोरं होती चार.

पण ही गोष्ट मी एकटीने रचली का? पाहुणे आले की तुम्हीच सांगायचात, "ट्यूशन घेऊन पोरीला शिकवलं मी." दादा तिथेच असायचा, पाहुण्यांना पाणी देत. एकदाही त्याचं नाव का नाही घेतलंत? लाज वाटायची? की सांगून सांगून तुम्हालाही तेच खरं वाटायला लागलं होतं? आजारी होतात हो तुम्ही, त्याचा राग नाही मला. राग आहे तो नंतरच्या वर्षांचा.

त्या जलदान विधीनंतर दादाने माझा फोन उचलणंच बंद केलं. शेवटी गेल्या रविवारी टिटवाळ्याला त्याच्या घरी गेले. वहिनीने चहा ठेवला.

"रागावलायस ना?"

"नाय गं. राग कसला?" तो खिडकीकडे बघत होता. "मी मागे भोजनदानाचं बघत होतो ना, वरणाचं पातेलं धरून उभा होतो. तू बोलत होतीस आणि मला पण रडायला आलेलं. एवढी भारी सांगितलीस. एक मिनिट मला पण वाटलं, यार, मी तिथे नव्हतोच की काय."

पप्पा, मग मी त्याला ते विचारलं, जे इतक्या वर्षांत आपल्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं. बारावीनंतर तुला काय करायचं होतं?

तो हसला. "आता काय त्याचं?" मग कप खाली ठेवून म्हणाला, "केमिस्ट्री आवडायची मला. जीन्सचा रंग हातावरून लवकर का जात नाय, ते मी तिकडच्या पोरांना समजवायचो."

वहिनीलाही हे माहीत नव्हतं.

आईला सांगितलं की यावेळी खरं बोलणार आहे, तर ती रडायलाच लागली. "गेलेल्या माणसाची चार लोकांत शोभा करू नको. मिलिंदचं काय, तो समजून घेईल." सगळ्यांनी हेच धरून ठेवलंय ना, की तो समजून घेईल! मलाही भीती वाटते, खोटं कशाला बोलू? आईला पुन्हा रडवायची भीती, आणि गोष्ट फसण्याचीही. दोन माणसं झाली की लोकांनी कोणासोबत चालायचं? दादाच्या गोष्टीला शेवट कुठला देऊ? त्याला हवं होतं ते मिळालं नाही. तो बदललाही नाही, आपल्यासाठी राबतच राहिला. तुमचा एकही नियम त्याला लागू पडत नाही.

तरी वचन देते, पप्पा. रविवारी मी त्या भिंतीपासून सुरुवात करीन. तुम्ही आजारी होतात हे सांगेन, खाली मान न घालता सांगेन. मिलिंदचं नाव घेईन. तुम्ही त्यात जरा लहान दिसाल, ते मला चालेल, तुम्हीही चालवून घ्या. तुमच्यावरची माया त्याने कमी होणार नाही.

दादा येतो म्हणालेला नाही. पण आलाच, आणि मला मध्येच थांबवून म्हणाला, "असं नव्हतं ते, प्रज्ञा," तर मी माईक त्याच्या हातात देईन आणि खाली बसेन.

तुमचीच,
प्रज्ञा