पेटीत पडलं की राजाचं

स्लेथॉर्प, मंगळवार दुपार

प्रिय हेस्टरताईस, धाकट्या एफीचे अनेक नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? (उत्तरं सावकाश दे, आत्ता मला त्यातलं काही ऐकायचंच नाही.) माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त सकाळपासून एका गिऱ्हाइकाला तंबाखूऐवजी पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्याकडून पैसेच घेतले नाहीत.

तर ते घड्याळवाले मिस्टर लम्ब. तीन वर्षं रोज सकाळी येतात, दुकानाच्या अलीकडच्या बाजूला वर्तमानपत्र घेतात, मग चार पावलं चालून टपालाच्या खिडकीशी उभे राहतात. (मीही आतून चार पावलं चालते आणि चष्मा लावते, कारण त्या बाजूला मी सरकार असते.) तिथे ते एक तिकीट घेतात. एकच. रोज एक. त्यावरून मी काय समजले होते ते तुला ठाऊकच आहे: कुठेतरी कुणी बाई आहे, आणि तिला रोज पत्र जातं. अशा माणसाची मला शनिवारी टपालाने लग्नाची मागणी आली! रोज समोर उभा राहणारा माणूस, दोन गल्ल्यांवरून, तिकीट लावून! माझं टाळकंच सरकलं. काल सकाळी मी उत्तर लिहिलं की त्या तिकीटवालीला आधी विचारा, माझं उत्तर 'नाही' असंच आहे. आणि दुकानाबाहेरच्या पेटीत ते दणकन टाकलं.

दहा मिनिटांत त्यांची बहीण ॲडा विणकामाचं मासिक घ्यायला आली आणि न विचारता भावाच्या नावाने सुरू झाली. कपाटाचा खण म्हणे तिकिटांनी इतका भरलाय की बंद होत नाही.

"पत्र लिहायला त्याला आहे कोण?" ती म्हणाली. "तो तुझ्यासाठी येतो, बाई. सगळ्या गल्लीला दिसतं, तुलाच तेवढं दिसत नाही."

ताई, मी पेटीकडे धावले. किल्ली कमरेला. पत्र माझं, अक्षर माझं, पाकीटसुद्धा माझ्याच दुकानातलं. पण पेटीत पडलं की ते राजाचं, पाकिटावर नाव असलेल्या माणसाच्या हाती पडेपर्यंत. हे मीच अकरा वर्षं सगळ्यांना ऐकवत आले. मागच्या नाताळात मिसेस सग्डेनने सासूला लिहिलेलं आणि सासूबद्दल लिहिलेलं अशी दोन पत्रं उलटसुलट पाकिटांत घातली, पेटीशी उभी राहून रडली, तरी मी दिली नाहीत. तीच मिसेस सग्डेन काल हाताची घडी घालून माझ्यामागे उभी.

"उघड की," ती म्हणाली. "का राजा फक्त आमच्यापुरताच?"

नाही उघडली. रडू आलं, पण नाही उघडली.

मग जेवणाच्या सुट्टीत धावत त्यांच्या दुकानी गेले. पोस्टमन आणि मी एकदमच दारात. पत्र त्यांच्या हाती पडताच मी गयावया केली, न वाचता जाळा म्हटलं. त्यांनी वाचलं. दोनदा. मग घडी घालून खिशात ठेवलं.

"तुम्ही लेखी कळवलंत, एफीबाई," ते म्हणाले, "आता मीही लेखीच कळवीन."

आज सकाळी नऊला आले. वर्तमानपत्र नाही, नुसतं तिकीट. माझ्यासमोर चिकटवलं आणि पाकीट पेटीत टाकलं. तेव्हापासून ते तिथे पडलंय. सकाळची डाक साडेआठलाच निघून गेली होती, आता पेटी उघडायची ती सव्वापाचला. आता अडीच वाजलेत. हात गुंतून राहावेत म्हणून तुला लिहितेय, नाहीतर ते किल्लीकडे जातात. पोरांना पापे.

तुझीच,
एफी

ता. क. सव्वापाच झाले, पेटीतली डाक काढली. मी पत्ता पाहिला. (पत्ता वाचणं हा गुन्हा नाही, ती नोकरीच आहे.) पाकिटावर माझं नाव नाही, तुझं आहे. आईबाबा नाहीत म्हणून थोरल्या बहिणीला विचारलेलं दिसतंय. नाहीतर माझी तक्रार तरी असेल. छे, तक्रार नसेल.

ता. क. दुसरा. हे पत्रही त्याच थैलीत घालतेय, म्हणजे उद्या दोन्ही एकदमच मिळतील. त्यांचं आधी फोड. उत्तर पत्राने नको, त्यांच्या नावाने तार कर. ती माझ्याच खिडकीत येईल, मीच उतरवून घेईन आणि मीच धावत नेऊन देईन. मिसेस सग्डेन समोर असणारच, तेव्हा उपदेश नको, एकच शब्द पुरे. मी नाही म्हणून बसलेय, ताई. तू हो म्हण.